तिसरा फोन

"मॅम, बाल्कनीची एक केबिन मोकळी झालीय, आठव्या मजल्यावरची. लिस्टमध्ये पहिलं नाव निकमांचं आहे," मुंबईच्या धक्क्यावरून वैभवी सांगत होती. "पण एकट्या बाईच आल्यात. मिस्टर मागून येतायत म्हणतात. तास झाला, मागे कोणीच नाही."

क्रूझ कंपनीच्या गुरुग्रामच्या ऑफिसात प्रमोदिनीने यादी उघडली. द्वारका निकम, वय एकसष्ट, हजर. दामू निकम, वय सहासष्ट, गैरहजर. बुकिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून मुलाने केलेलं. आतली केबिन, बिनखिडकीची.

दहा वर्षं ती माणसांना बोटीवर चढवत होती आणि स्वतः एकदाही चढली नव्हती. बोट सुटायच्या दिवशी जे येत नाहीत त्यांच्या चांगल्या केबिन आतल्या केबिनवाल्यांना फुकट द्यायच्या, हे तिचं काम. फुकटात समुद्र मिळाला की माणसं कशी हरखून जातात! थँक्यू मॅम, थँक्यू मॅम करत राहतात. ती केबिन मोकळी का झाली, हे मात्र आजवर एकानेही विचारलं नव्हतं. प्रमोदिनीला ते ठाऊक असे. कुणाला ताप, कुणाचा मोडलेला संसार, कुणाच्या घरी मयत. ऑफिसातले लोक तिच्या हाताला गुण आहे म्हणायचे, आणि तिला ते ऐकवत नसे.

यादीतलं नाव काढण्याआधी त्या माणसाला तीनदा फोन करायचा, असा नियम होता. तिसराही उचलला नाही, तर नाव काढायचं. नियम प्रमोदिनीनेच घालून दिलेला. तीनदा म्हणजे पुष्कळ झालं, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

मग तिच्या नवऱ्याचं, राजीवचं झालं. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन. "उद्या घरी सोडतायत, तू इथे बसून काय करणार? बोर्डिंग डे आहे ना, जा," असं म्हणून त्यानेच तिला ऑफिसला पाठवलं. दोन दहा, दोन चौदा, दोन एकवीस. त्याचे तीन फोन आले तेव्हा तिचा मोबाइल टेबलावर पालथा पडला होता आणि ती एका हौशी जोडप्याला बाल्कनी देत होती. पावणेतीनला तिने उलटा फोन केला, तो एका नर्सने उचलला आणि आधी हिंदीत विचारलं, आप कौन?

राजीवला जाऊन चार वर्षं झाली. त्याला पाणी हवं होतं, चार्जर हवा होता, की छातीत दुखतंय हे सांगायचं होतं, ते आता तिला कधीच कळणार नव्हतं. मुलगा राघव म्हणायचा, "आई, तू सोड ना यार, डॉक्टर म्हणाले ना सडन होतं." ती सोडू शकली नाही. मोबाइल आता कीबोर्डच्या शेजारी उताणा असे, आणि बोर्डिंग डेला दोन दहाला ती हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत बसे. राजीवच्या यादीत आपण गैरहजर लागलो, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

एका कानाला हेडसेट आणि दुसऱ्या कानाला वैभवीची लाइन धरून तिने दामू निकमांचा नंबर लावला. रिंग गेली. क्षणभराने दुसऱ्या कानात बिगुल वाजायला लागला.

"मॅम, ऐकलंत?" वैभवी हळू आवाजात म्हणाली. "बाईंच्याच पिशवीत वाजतोय."

"उचलत नाहीत?"

"नाही. पिशवीवर हात ठेवून उभ्या आहेत नुसत्या."

बिगुल आपोआप थांबला. टीम लीडर प्रसन्न मागे येऊन उभा राहिला. पुण्याचा पोरगा, वाईट नव्हता, पण त्याला सगळ्याचीच घाई.

"ताई, तीन वाजून पाच. साडेतीनला गेट बंद. निकमांना नो-शो मारून नाव काढा आणि बाईंना बाल्कनी देऊन टाका. नको असेल तर गाझियाबादचं ते नवीन जोडपं कधीचं मागे लागलंय."

"दोनच मिनिटं," म्हणत तिने दुसरा फोन लावला. पुन्हा तोच बिगुल, पुन्हा कुणी उचलला नाही. "वैभवी, बाईंना तुझ्या लाइनवर घे."

"द्वारकाताई, मी गुरुग्रामच्या ऑफिसातून बोलतेय. निकमसाहेब कुठे आहेत?"



"गेलं की वो. माघात. जेवून उठलं, खुर्चीत बसलं, ते बसलंच."

"मग बुकिंग...?"

"इंद्रजित म्हनला, आई, रद्द करू. मी म्हनलं, न्हाई. पेन्शनीत नाव काढलं, रेशनात काढलं, कॅन्टीनच्या कार्डात काढलं. जाईल तितं माज्याच सहीनं त्येंचं नाव काढून देत्ये मी. ह्या बोटीच्या कागदावर तेवडं ऱ्हायलंय. ऱ्हाऊ दे की."

प्रमोदिनीने मोकळ्या केबिनची नोंद उघडली. "तुम्हाला बाल्कनीची खोली मिळतेय, ताई. पैसे नाहीत. खोलीतून समुद्र दिसेल."

"आन त्येंचं नाव?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिला ते जमलं नाही. "राहणार नाही. नवीन बोर्डिंग कार्ड तुमच्या एकटीचं निघेल."

"मग नगं. बिनखिडकीची त्येंनीच मागितलीया. फौजेतली समदी नोकरी रातच्या पहाऱ्यात गेली. म्हनायचं, गडद अंधार असंल तर येकदा पोटभर झोपंन."

"फोन का उचलत नाही तुम्ही त्यांचा?"

"वाजतोय तवर कुनीतरी त्येंना बोलवतंय, असं वाटतं."

प्रसन्नला काय ते कळलं असावं. तो घड्याळाकडे बघायचा थांबला, पण म्हणाला, "तरी ताई, तिसरा कॉल करून नाव तर काढावंच लागेल."

बरोबरच होतं त्याचं. प्रमोदिनीने तिसऱ्यांदा नंबर लावला. बिगुल वाजू लागला. तो थांबला की एक कळ दाबायची होती, आणि ती कुणाच्या हातून दाबली जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं. तिने डोळे मिटून घेतले.

बिगुल मधेच तुटला.

"बोला," द्वारकाबाई म्हणाल्या. तो आवाज तिच्या दोन्ही कानांत एकदमच आला. "लई येळ वाजत व्हता. तुमचंबी कायतरी आडलं आसंल, म्हनून उचलला."

अशा वेळी विचारायचं एक ठरलेलं वाक्य होतं, बोर्डिंग चालू आहे, आपण कुठे आहात? दहा वर्षं पाठ असलेलं ते वाक्य प्रमोदिनीला आठवेना.

"मी कामात होते," ती म्हणाली. आपण हे कुणाला सांगतोय, तिचं तिलाच कळत नव्हतं. "तीनदा वाजला. मला उचलता आला नाही हो."

द्वारकाबाई म्हणाल्या, "आसू दे बाई. आपली मानसं वळकत्यात आपल्याला. राग न्हाई धरत."

प्रमोदिनी रडली. सगळ्या ऑफिसासमोर, हेडसेट लावलेल्या अवस्थेत. प्रसन्न पाण्याची बाटली शोधायला गेला.

"मॅम," वैभवी लाइनवर परत आली, गोंधळलेली. "तिसरा कॉल तर उचलला गेला ना? मग नो-शो कसं मारायचं?"

प्रमोदिनीने नाक पुसलं. "नाही मारायचं. नियम आहे. त्यांना दोघांच्या कार्डावर आत सोड. बाल्कनी गाझियाबादवाल्यांना दे."

लगेच लाइनवर कुणीतरी आनंदाने किंचाळलं. वैभवीने नंतर सांगितलं, द्वारकाबाई बोटीच्या पुलावरून चढताना ती फोनची पिशवी समुद्राच्या बाजूच्या हातात घेऊन गेल्या.

साडेतीनला गेट बंद झालं आणि न चढलेल्यांची नावं कॉम्प्युटरने आपसूक खोडली. दामू निकमांचं नावही गेलं. ते प्रमोदिनीच्या हातून गेलं नाही.