मशीन लागू पडलं की नाही

आमचे हे, सत्यनारायण, म्हणजे बंगळूरच्या बसवनगुडीतला एक नंबरचा भांडखोर माणूस. रिक्षावाला, भाजीवाला, मी, कुणाला सोडलं नाही. पण हृदय कमजोर झालं, दोन शब्दांत धाप लागायला लागली, आणि तेव्हापासून तोंडात एकच, "सरी." कानडीतलं "बरं."

"गोळी घ्या." "सरी." "झोप लागली का?" "सरी." अस्सा राग यायचा!

डॉक्टर रूपश्रींनी तपासण्या बघून सांगितलं, हृदयाच्या दोन बाजू एका वेळी चालत नाहीत, जोडीतला एक बैल मागे राहतो तसं. तीन तारांचा पेसमेकर बसवला की तो दोन्ही बाजू बरोबर चालवतो.

"गुण येईल ना?" मी विचारलं.

"अंदाज चांगला आहे, अक्का. पण काहींना फरक पडत नाही. आधी खात्रीनं सांगता येत नाही."

मग एवढ्या तपासण्या काय ओवाळायला केल्या? पण दुसरा इलाज नव्हता. बसवला.

आज त्याची तपासणी होती. इको बघून डॉक्टर म्हणाल्या, "हृदयाच्या जोराचा आकडा जेमतेम हललाय. काका, तुम्हाला कसं वाटतं? दम लागतो?"

ह्यांनी हात जोडले. "छान, मॅडम. सगळं उत्तम."

डोंबल उत्तम! डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून! बाहेर येताच मी कडाडले, "खरं सांगा की हो! मशीन लागू पडलं की नाही, त्या बाईला कळणार कसं?"

"सरी."

रिक्षात मला रडू फुटलं. हा माणूस हातचा चाललाय आणि जातानाही भिडेखातर छानच म्हणणार.

घरी भातावर बिनमिठाचं सारू, म्हणजे आपलं सार, वाढलं. पाणी घेऊन येते तर हे लोणच्याच्या बरणीत चमचा घालून बसलेले. मी बरणी हिसकावली. "लाज वाटत नाही? मीठ बंद सांगितलंय ना!"

"मीठ, मीठ काय लावलंयस? लग्न झाल्यापासून तुझ्या सारूत मीठ कधी धड पडलंय का, आणि आता डॉक्टरचं नाव मिळालं तर तुला रानच मोकळं झालं, हे सारू आहे की गरम पाणी, देवळातल्या दगडी नंदीपुढे ठेवलं तर तोसुद्धा तोंड फिरवील!"

मी बरणी धरून तशीच उभी. एवढं बोलताना हे मध्ये कुठे थांबले नव्हते. धाप लागली नव्हती. माझे डोळे भरून आले.

"आता रडायला काय झालं?" हे ओरडले.

"काही नाही," मी म्हटलं. "भातसुद्धा गिचका झालाय. त्याला नावं नाही ठेवलीत?"