चुइमालचा फडका

कॅप्टन मोंतुफार यांच्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नाही. पत्र फार अदबीचं होतं. ‘माननीय एवारिस्तो मास्तर, आपलं विणकामावरचं पुस्तक मी दोनदा वाचलं.’ ते पुस्तक कुणी एकदा वाचल्याचंही तोवर माझ्या कानावर आलं नव्हतं. पुढे विनंती होती. सोबतचा कापडाचा तुकडा कोणत्या गावचा, एवढं कळवावं. तो डोंगरात, बंडखोरांच्या विझलेल्या चुलीपाशी सापडला होता. त्यात मक्याच्या भाकऱ्या बांधल्या होत्या.

म्हणजे ज्या गावचं कापड, त्या गावाने त्यांना जेवू घातलं. अशा गावांचं पुढे काय होतं, ते आमच्या केत्साल्तेनांगो शहरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

तुकडा खिडकीपाशी नेला. साधीच वीण, एक धागा वर, एक खाली. पण वाफ धरून राहावी इतकी घट्ट ठोकलेली. भाकरीच्या फडक्याला तेच लागतं. एका कडेला बंद किनार. कमरेला पट्टा बांधून विणणाऱ्या बाईचं कापड मागावरच चारही बाजूंनी पुरं होतं, त्याला कात्री लागत नाही. वर लाल पक्षी, विणतानाच भरलेले. उलटून पाहिलं. मागेही तेच पक्षी, एकही लोंबता धागा नाही.

चुइमाल.

पुस्तकात एवढं एकच विधान मी ‘बहुधा’ न लावता केलं आहे, की दोन्ही बाजूंनी सारखी नक्षी कमरेच्या मागावरच निघते, पायाने चालवायच्या मोठ्या मागावर निघत नाही. असे पक्षी चुइमाल गावातल्याच बायका काढतात, हे तेवढं लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा खात्री नव्हती. खात्री नंतर झाली.

एका सकाळी कॅप्टनच्या छावणीतला सार्जंट आला.

“काय मास्तर, पत्र पोचलं की चष्मा हरवलाय?”

“पाहतोय अजून. मला नक्की...”

“तुमचं नक्की व्हायला तुम्हाला मरावं लागेल, असं कॅप्टनसाहेब म्हणत होते. हसत होते हो, रागावले नाहीत.” त्याने कपाटातल्या पुस्तकांवरून बोट फिरवलं, धूळ पाहिली. “शनिवारपर्यंत उत्तर आलं तर आम्ही एकाच गावात जाऊ. नाही आलं तर त्या डोंगरउतारावरच्या सगळ्याच गावांत. तेवढी पायपीट वाचवा आमची.”

जाताना त्याने दार अगदी हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेपा चुइमालची. बाजाराच्या दिवशी कापडांचं गाठोडं माझ्याकडे ठेवून जेवायला बसते.

“तात, तोंड का असं? पुस्तक विकलं गेलं की काय?”

मी तुकडा तिच्यापुढे ठेवला. तिने हात लावला नाही. आधी दाराकडे पाहिलं.

“सुनेचं काम,” ती म्हणाली. “पक्ष्याची मान वाकडी काढते. सांगून सांगून थकले.”

“गावाचं नाव विचारतात.”

“आणि तुम्ही काय लिहिणार?”

“मोठ्या मागावरचं आहे, असं. ताग्यातून मीटरने कापून विकतात ते. कुठेही मिळतं, कुणीही घेतं. मग एका गावावर बोट ठेवता येत नाही.”

“ही किनार ठेवून? आंधळा तरी फसेल का?”

मी कात्री काढली. एका हाताने कापड ताणता येईना.

“धरते मी. कापा तुम्ही. ते मात्र माझ्याच्याने व्हायचं नाही.” तिने तुकडा ताणून धरला आणि मान फिरवली. घट्ट विणीतून कात्री करकरत गेली. मग कापल्या कडेचे धागे ओढून मी दशा काढल्या. किनारीची पट्टी शेपाने निखाऱ्यावर टाकली.

“आणि मागची बाजू?”

मागच्या सारख्या नक्षीवर कात्रीचा उपाय नव्हता. मी कागद घेतला आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवलं.

‘कापड मोठ्या मागावरचं, बाजारू आहे. गाव सांगता येणार नाही. अशी नक्षी त्या मागावर निघत नाही, असं मी पुस्तकात म्हटलं आहे. ते चूक आहे. मी तेव्हा पुरेसे माग पाहिले नव्हते. आपण पुस्तक इतकं बारकाईने वाचलंत, म्हणून ही दुरुस्ती प्रथम आपल्यालाच कळवतो.’

“तुम्ही चुकलात, हे पटेल त्यांना?”

“माझ्याबाबतीत पटेल.”

“नाहीच पटलं तर?”

तुकडा आणि कागद आत घालून मी पाकीट चिकटवलं. ती उठली. विकायचं गाठोडं तसंच ठेवून गावाच्या वाटेला लागली.

मी पाकीट घेऊन टपाल कचेरीकडे निघालो, तेव्हा चौकात छावणीचे ट्रक ओळीने उभे होते, इंजिनं चालू. ड्रायव्हर टपांवर ताडपत्री बांधत होते. टपाल कचेरीतल्या कारकुनाने पाकिटावरचं नाव वाचलं, माझ्याकडे वर न पाहता शिक्का मारला, आणि पाकीट छावणीच्या थैलीत टाकलं.