आठव्या महिन्यात सुकलेली वार

मित्रांनो, मी एक वार आहे. सोमवार-मंगळवारातली नव्हे, आईच्या पोटात बाळाबरोबर वाढते ती. बाळ आणि मी एकाच बीजातून झालो. म्हणजे आम्ही सख्ख्या बहिणीच, पण सगळे वाट पाहतात ती तिची.

आमची आई इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी राहून काम करायची. तिच्या रक्तातलं पोषण आणि प्राणवायू वेचून मी नाळेतून बाळाकडे पाठवायचे. बाळाला नको असलेलं परत घ्यायचे. बाळ मला लाथा मारी. मला ते फार आवडे.

सातव्या महिन्यात आईचे पाय सुजले, डोकं ठणकू लागलं. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "रक्तदाब वाढलाय. आजच मोठ्या डॉक्टरांना दाखव."

दुकानाची मालकीण म्हणाली, "एवढे आठ दिवस काढ गं, मग हवी तेवढी झोप."

आईने आठ दिवस काढले, मग मोठ्या डॉक्टरांकडे जाणं राहूनच गेलं. इकडे मला रक्त आणणाऱ्या वाटा अरुंद होत गेल्या. माझा एकेक भाग उपाशी पडून कडक होऊ लागला. असेल नसेल ते मी बाळाला देत होते. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आठवा लागला. एका सकाळी आई बाबांना म्हणाली, "अहो, कालपासून बाळ फारसं हललं नाही."

"झोपलं असेल. संध्याकाळी बघू," बाबा म्हणाले.

दुपारी बाळाने मला हळूच पाय लावला. तो शेवटचा.

संध्याकाळी दवाखान्यात बाळाच्या हृदयाचे ठोके सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाळ जन्मलं, मुलगी होती. तिच्यामागून मी आले. नर्सबाईंनी मला ट्रेमध्ये उलटून पाहिलं आणि डॉक्टरांना हळूच म्हणाल्या, "निम्मी सुकलीय हो बिचारी."

आईने ते ऐकलं. "माझ्यामुळे झालं का?"

"नाही गं बाई. तुझा काही दोष नाही," असं म्हणून नर्सबाईंनी बाळाला दुपट्ट्यात गुंडाळून तिच्या कुशीत दिलं. बाबा भिंतीकडे तोंड करून रडत होते. आठ महिने आम्ही एकत्र राहिलो, पण बाळाचं तोंड काही मला दिसलं नाही.

मित्रांनो, थोड्या वेळाने मला टाकून देतील. त्याचं दुःख नाही, ते आमच्या नशिबी असतंच. पण घरातली कुणी पोटुशी बाई म्हणाली, "डोकं ठणकतंय, बाळ हलत नाही," तर तिला तडक दवाखान्यात न्या. म्हणजे माझ्यासारखी एखादी वार काम पुरं करून, बाळाचं रडणं ऐकून, सुखाने टाकली जाईल.