होल्डवरची बाई

“गप! आता पुढचं येईल,” मावशी म्हणाली आणि फोन स्पीकरवर टाकून तिने माझ्यापुढे धरला.

पुढचं काही येणार नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसने तिला होल्डवर ठेवलं होतं आणि फोनमधून एक बाई गुणगुणत होती. दर नऊ सेकंदांनी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. मला हे ठाऊक होतं, कारण ते नऊ सेकंद मीच कापले होते. आणि ती बाई म्हणजे मावशीच होती.

“तुझ्या आजीची चाल आहे ही. शब्द नाहीत, नुसती चाल. तुझ्या आईला यायची आणि मला. ह्या बाईला कुठून मिळाली?”

“नळाची तक्रार केलीस का?” मी विषय बदलला.

“नळ केव्हाच नीट झाला. मी ऐकायला फोन लावते. कुणी उचलला की म्हणते, माफ करा, चुकून लागला.”

एरवी मी खो खो हसलो असतो. आज कान तापले.

होल्डवर वाजायचं संगीत बनवणं हे माझं काम; पाणीपुरवठ्याचंही मीच केलं होतं. वर्षापूर्वी मावशी बटणं लावत गुणगुणत होती, तेव्हा ‘माइक तपासतोय’ अशी थाप मारून मी रेकॉर्ड केलं होतं. लूप करायचा म्हणजे शेवट सुरुवातीला असा जोडायचा की सांधा ऐकू येता कामा नये. आवाजाची लाट शून्यावर येते तिथेच कापायचं, नाहीतर प्रत्येक फेरीला ‘टक’ वाजतं. मावशीला दम लागायचा. दुसऱ्या ओळीत ती दोनदा खोकली होती. ती ओळच मी उडवली. पहिलीची टोकं एकमेकांवर जराशी चढवली आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. मूळ प्रत आधी बाजूला ठेवा, असं मी नवशिक्यांना घसा फोडून सांगतो. मावशीला विचारायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. ती नको म्हणेल म्हणून मी विचारलंच नाही.

“तू ह्या लाइनीतला ना? मग तिचा पत्ता काढ,” मावशी म्हणाली. “दुसरी ओळ तिला येत असणार. यंदाच्या आजारपणानंतर मला आठवतच नाही रे. इथवर येते आणि पुढे सगळं कोरं. रोज वाटतं, आज तरी ती पुढे जाईल.”

‘बघतो’ म्हणून सुटता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर होता.

“मावशी, ती तूच आहेस,” मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

तिने फोन बंद केला. “दुसरी ओळ?”

“पुसली गेली. माझ्याकडूनच.”

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“खोकला नाही, धाप नाही. मी मलाच ओळखलं नाही बघ,” ती म्हणाली. मग फोन बाजूला ठेवत, “मला वाटलं होतं, कुणाला तरी येतंय अजून.”

तिने डोळे मिटले आणि स्वतःच गुणगुणून पाहिलं. पहिली ओळ संपली. मधे श्वाससुद्धा न घेता ती परत पहिल्याच ओळीवर आली. मग पुन्हा. मला तिच्याकडे बघवेना.