एक्केचाळीस नंबरच्या बोअरमधला दोन जून

“ताई, एक्केचाळीस नंबरच्या बोअरमध्ये दोन जून कसा काय सापडला?”

प्रयोगशाळेतले नाना टंकूताईंच्या खुर्चीमागे उभे राहून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होते. काखेत त्यांची वही होती. तपासलेल्या प्रत्येक बाटलीचा निकाल ते आधी वहीत पेनाने लिहीत, मगच बाटली धूत.

“दोन जून नाही हो, दोन पॉइंट सहा असेल,” टंकूताई मान वर न करता म्हणाल्या.

“माझ्या वहीत दोन पॉइंट सहाच आहे. तुमच्याकडे दोन जून आहे. त्याच्या खाली एक मार्च आहे. आणि ही बघा, तीन फेब्रुवारी. पाण्यात फ्लोराइड मोजलं होतं मी, मुहूर्त नाही काढले.”

तेव्हा टंकूताईंनी मान वर केली. आणि ती बराच वेळ खाली आली नाही.

टंकूताईंचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. पाणी तपासणीच्या त्या कार्यालयात त्या एकतीस वर्षं टंकलेखन करत होत्या. टाईपरायटर गेला, इलेक्ट्रिक टाईपरायटर येऊन गेला, कॉम्प्युटर आले आणि बदलले. बोटं तीच राहिली. लहानपणी टायपिंगच्या वर्गातल्या बाई विद्यार्थिनींच्या हातांवर फडकं टाकत आणि म्हणत, “घास तोंडात घालताना आरसा लागतो का गं? मग इथे कशाला वाकून बघायचं?” त्यामुळे नजर कागदावर आणि बोटं कळांवर, हे टंकूताईंच्या अंगवळणी पडलं होतं. पडद्याकडे बघत टाईप करणाऱ्या लोकांविषयी त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. एकतीस वर्षांत त्यांचा एकही कागद दुरुस्तीसाठी परत आला नव्हता. कार्यालयात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, कारण त्या ती सगळ्यांना सांगत.

यंदाही तीनशे बारा बोअरचे निकाल त्यांनी तसेच घातले होते. नजर नानांच्या वहीवर. वर बघितलं ते थेट शेवटी, तक्ता जपून ठेवताना.

नवा कॉम्प्युटर दोन महिन्यांपूर्वी आला होता. बसवणाऱ्या माणसाला दिवस आणि महिना यांच्यामध्ये टिंब द्यायची हौस असावी. तशी सोय त्याने आत कुठेतरी चालू करून ठेवली होती. तेव्हापासून टिंबाच्या दोन्ही बाजूंना आकडा दिसला, की तो कॉम्प्युटर कुणालाही न विचारता त्याची तारीख करत होता. दीड म्हणजे एक मे. दोन पॉइंट सहा म्हणजे दोन जून.

“पण सगळ्यांचं कुठे झालंय?” नाना बोटाने रकाना उतरत म्हणाले. “हे शून्य पॉइंट चार, शून्य पॉइंट सात, हे शहाण्यासारखे जागेवर आहेत.”

“शून्य तारीख नसते ना नाना.”

नाना हसायला लागले आणि मध्येच थांबले. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. शून्य तारखेला कुणी जन्मत नाही की कुणी रिटायर होत नाही. म्हणून एकच्या आतलं चांगलं पाणी आकड्यांत राहिलं आणि एकच्या वरचं सगळं पाणी कॅलेंडरात गेलं. दीडच्या वर फ्लोराइड गेलं की आधी दात तपकिरी होतात, मग काही वर्षांनी गुडघे वाकतात. असे नऊ बोअर होते. त्या नऊ ठिकाणी कार्यालयाने फिल्टर बसवले होते.

“साहेबांनी वर पाठवलेल्या अहवालात काय आहे?” नानांनी विचारलं.

ताईंनी अहवाल उघडला. त्यात तारखा नव्हत्या. तिथे मोकळे चौकोन होते, अडतीस. खाली साहेबांचं वाक्य होतं: ‘दीडच्या वर एकही नोंद नाही. नऊही फिल्टर सोमवारी काढून गरजू भागात हलवावेत.’

त्या दिवशी शुक्रवार होता.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते. फक्त अहवाल वेळेच्या आधी पाठवल्याबद्दल त्यांना वरून शाबासकीचं पत्र आलं होतं आणि ते काचेखाली ठेवलेलं होतं.

“त्या तारखा होय? त्या मीच काढल्या. म्हटलं, चुकून पडल्या असतील, ताईंना कशाला त्रास द्यायचा.”

“साहेब, ते निकाल होते.”

“आता ते कळलं. पण वर गेलेला अहवाल असा मागे ओढता येत नाही, ताई. पुढच्या तिमाहीत करू की दुरुस्त.”

“तोवर लोक पाणी प्यायचे थांबतील का?”

साहेबांनी चष्मा काढला. “बरं. मग लेखी द्या. चूक कशी झाली, कुणाची झाली, सगळं. ते असलं तर मला वर काहीतरी बोलता येईल. पण एक सांगू? चार महिन्यांत रिटायर होताय. असा कागद दिलात तर चौकशी लागते. ती काही मी लावत नाही, ती आपोआप लागते. नीट विचार करा.”

बाहेर आल्यावर नाना भडकले. “खोडलं त्यांनी आणि चूक तुमची? कुठला न्याय हा?”

“खोडण्यासारखं मी टाईप केलं ना.”

“तुम्ही बरोबर टाईप केलंत! मशीन मूर्ख आहे.”

“मशीनने मला दाखवलं होतं, नाना. अडतीस वेळा दाखवलं. मीच बघितलं नाही.”

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “एकतीस वर्षं ऐकतोय, तू चुकत नाहीस म्हणून. आता लेखी देणारेस, तर एक झेरॉक्स मलाही दे. घरात उपयोगी पडेल.” टंकूताई हसल्या नाहीत. मग त्याने उठून चहा ठेवला. चहाची वेळ नव्हती.

शनिवारी सुट्टी असूनही दोघं कार्यालयात आले. शेजारच्या कचेरीतल्या एकाने फोनवर तोडगा सांगितला होता: आकडे घालण्याआधी अख्खा रकाना निवडायचा आणि त्याला बजावायचं, की इथे येईल तो मजकूर समजायचा, त्याचं काहीही करायचं नाही. मिनिटभराचं काम होतं. टंकूताईंनी दोन पॉइंट सहा टाईप करून बघितलं. आकडा दोन पॉइंट सहाच राहिला.

“एवढंच?” नाना म्हणाले.

“एवढंच.”

मग नाना वाचत गेले आणि त्या घालत गेल्या. प्रत्येक आकड्यानंतर मान वर, पडद्यावर खात्री, मग पुढचा. एका तासाचं काम दिवसभर चाललं. मान वर-खाली करून त्यांना गरगरायला लागलं आणि बोटं नवशिक्यासारखी अडखळायला लागली. एक्केचाळीस नंबर आला तेव्हा नानांनी वहीवर बोट ठेवलं.

“हा शाळेच्या मागचा. मागे बाटली भरायला गेलो तर पोरं जमली. एक मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. मला वाटलं, लाजते.”

टंकूताईंनी आकडा घातला आणि दोनदा बघितला.

सोमवारी त्या पाऊण तास आधी आल्या आणि साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. मजकूर पाच ओळींचा होता. ‘पडद्यावर काय उमटत आहे हे मी तपासले नाही. चूक माझी आहे.’ साहेबांनी तारखा काढल्याचा उल्लेख त्यात नव्हता. साहेबांनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा ते बहुधा तोच उल्लेख शोधत होते. मग त्यांनी भराभर फोन केले. ते फोन चांगले करत, हे मान्य करायला हवं.

सात फिल्टर जागेवर राहिले. दोन मात्र ठेकेदाराने रविवारीच काढून नेले होते, सोमवारी ट्रक दुसरीकडे हवा होता म्हणून. त्यातला एक एक्केचाळीस नंबरचा होता. तो आता नव्या भागाच्या नावावर चढला होता. परत मागवायला नवा प्रस्ताव लागणार होता आणि प्रस्तावाला किमान दोन महिने.

नाना लाल रंगाचा डबा घेऊन एक्केचाळीस नंबरवर गेले. पाणी कुणी पिऊ नये म्हणून हातपंपाच्या दांड्यावर फुली मारली. दुपारी त्यांचा फोन आला.

“मारली फुली. बायका विचारतात, मग प्यायचं कुठलं? मी म्हटलं, साहेबांना विचारून सांगतो.” पलीकडे पंपाचा आवाज येत होता. “ताई, फुली मारलेल्या दांड्यानेच उपसतायत हो. रंग ओला आहे तर कडेला धरून.”

टंकूताईंनी फोन ठेवला.

चार वाजता साहेबांनी एक मसुदा पाठवला. शिपाई तो ताईंच्या टेबलावर ठेवून पटकन निघून गेला. कारणे दाखवा नोटीस होती. सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा. कार्यालयात टंकलेखक एकच असल्यामुळे ती ताईंनाच टाईप करायची होती.

त्यांनी ती केली. साहेबांनी ‘निष्काळजीपणा’ दोन ठिकाणी वेगवेगळा लिहिला होता, तो एकसारखा केला. ‘अडतीस’ आकड्यात होतं, ते अक्षरातही घातलं. सही घेऊन आल्या, जावक वहीत नोंद केली, क्रमांक टाकला. मग तोच कागद पाकिटात घालून पाकिटावर स्वतःचं खरं नाव लिहिलं, उठून टेबलाच्या पुढच्या बाजूला गेल्या आणि तिथे उभ्या राहून ते घेतलं.

पोचवहीत त्यांनी सही केली. शेऱ्याचा रकाना सहसा कुणी भरत नाही. टंकूताईंनी तो भरला.

‘मिळाली. मजकूर बरोबर आहे.’