आखाड्याचा खड्डा

आमच्या वस्तीत कोणी कोणाला ओळखत नव्हतं. माझं म्हणणं आहे, पुढचं सगळं त्यातूनच झालं. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. चिखलीच्या बाजारामागे काल ज्वारी उभी होती तिथे आज टिनाची घरं उभी राहत होती. अमडापूरकडचे, मेहकरकडचे, पार जालन्याकडचे लोक येत, कुडाच्या भिंती घालत आणि शेजाऱ्याकडे संशयाने बघत. मीही त्यातलीच.

माझा दीर पुंजाजी मात्र रस्त्यात दिसेल त्याच्याशी बोलायचा. सासू गेली तेव्हा तो रांगत होता. मीच त्याला वाढवला, म्हणून सांगते, भीती कशाशी खातात हे त्या पोराला ठाऊकच नव्हतं. खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता तेव्हा तिथल्या एका उस्तादाकडे कुस्ती शिकला. परत आला तो एकच वेड घेऊन: वस्तीतल्या पोरांसाठी युवक मंडळ काढायचं. पुढे वाचनाची खोली, मागे आखाडा. त्याने निवृत्ती नावाच्या एका शेतकऱ्याच्या पोराला जोडीला घेतलं आणि खोली उभी केली. मग मागे आखाड्यासाठी खड्डा खणला. लांबट आणि मांडीएवढा खोल. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

त्याच सुमारास मेहकरच्या रस्त्यावर पुलाचं काम चाललं होतं. बायका पाण्याला जमल्या की एकच विषय: पुलाच्या पायाला पोर लागतं, माणसं पोरं हेरत फिरतात. पाहिलं कोणीच नव्हतं, ऐकलं मात्र सगळ्यांनी होतं.

आता आखाड्याची माती कशी करतात ते बायाबापड्यांना कुठून माहीत असणार? लाल माती चाळतात, तिच्यात हळद, तेल, ताक घालतात, वर लिंबं पिळतात. खरचटलं तर चिघळू नये म्हणून. पुंजाजीने टोपलीभर लिंबं आणली. वर हा शहाणा दोरी घेऊन पोरांची उंची मोजत फिरू लागला! वजनकाटा नव्हता, तेव्हा कोणाची जोड कोणाशी लावायची ते उंचीवरून ठरवायचं. प्रत्येक पोराची दोरीत एक गाठ.

खड्डा, हळद, लिंबं आणि पोरांची मापं घेणारा माणूस. त्यात आम्ही बौद्ध झालेलो. घरातले देव आम्ही पाण्यात सोडले होते, आणि ज्यांनी देव सोडले ते काहीही करतील, अशी कुजबुज माझ्या कानावर येतच होती.

“पुंजा, तो खड्डा बुजव रे बाप्पा,” मी म्हटलं. “लोकं काय काय बोलून राह्यले.”

“बोलू द्या ना, वयनी. पोट्टे कुस्ती खेळाले लागले का सारे चूप होतील.”

“अन् त्याच्या आधी कोनाचं पोट्टं इकडंतिकडं झालं तं?”

तो हसला. मग पुन्हा माती चाळायला लागला.

आमच्या शेजारच्या तानुबाईचा नातू कडूबा. तीन लेकरं गेल्यावर जगलेला. म्हणून नाव कडूबा, म्हणजे काळाने तोंड लावू नये. त्याची आई अन्नपूर्णाबाई त्याला पदराखालून सोडत नसे, आणि तो मात्र शाळा सुटली की धावत आखाड्यावर. दोरीतली सगळ्यात खालची गाठ त्याची होती.

एका संध्याकाळी दिवेलागणीला तानुबाईच्या हाका सुरू झाल्या. कडूबा घरात नव्हता, गल्लीत नव्हता, शाळेतही गेला नव्हता. हाका वाढत गेल्या, मग हाका थांबल्या आणि माणसांच्या पायांचा आवाज आला. मी हातातली भाकर तशीच टाकून धावले.

कंदील होते, काठ्या होत्या. पुंजाजी खड्ड्यात उभा राहून माती कालवत होता. कोपरापर्यंत हात पिवळे.

“खोद!” उत्तमराव नावाचा धिप्पाड माणूस त्याच्या डोक्यावर काठी धरून ओरडला. “पोट्टं कुठी पुरलं ते काढ!”

“म्या काऊन पुरीन, भाऊ? हे कुस्तीची माती हाये...”

पहिली काठी त्याच्या खांद्यावर बसली. तो खणू लागला. निवृत्ती गर्दीच्या मागे उभा होता. तो पुढे आला नाही. आज पुंजाजीला मारतील, मग आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांना काडी लावतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

एक पिळलेलं लिंबू वर आलं तशी गर्दी गुरगुरली. सगळे खड्ड्यात बघत होते. फक्त अन्नपूर्णाबाई बघत नव्हती. ज्या बाईचं पोर हरवलं, ती पुन्हा पुन्हा वळून आपल्या घराकडे पाहत होती.

मी तिचे दोन्ही खांदे धरले. “अन्नपूर्णे, पोरगं कुठी हाये?”

ती माझ्या कानाशी कुजबुजली. “मले वाटलं, ते पुलावाले याले नेतीन. म्हून कनगीत लपवला. दुपारीच. मंग मी कापूस येचाले गेली. आली तं एवढे मानसं काठ्या घेऊन... कसं सांगू, बाई?”

शेणाने लिंपलेली, बंद झाकणाची धान्याची कणगी! आम्ही धावलो. झाकणावर तिने पाटा ठेवला होता. तो तानुबाईने लोटला. आत कडूबा घामाने चिंब, मान टाकून पडला होता. कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, नाहीतर नेतील, असं आईने बजावलं होतं. आजी बाहेर नावाने टाहो फोडत होती तरी त्याने ओ दिली नव्हती. तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ काही नाही. मग तो रडला, आणि तानुबाई मटकन खाली बसली.

लोक आपापल्या घरी गेले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

मी आखाड्यावर परत आले तर अंधारात कुदळीचा आवाज येत होता. पुंजाजी अजून खणत होता. त्याला थांब म्हणायला कोणी राहिलंच नव्हतं.

“वयनी, आनखी खोल खोदू का?” त्याने विचारलं.

बाईमाणसाने आखाड्यात उतरू नये, असं त्यानेच मला सांगितलं होतं. मी उतरले. त्याच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि त्याच्या लहानपणी पुसायचे तसे त्याचे हात माझ्या पदराने पुसले.

सकाळी तानुबाई कडूबाला हाताला धरून घेऊन आली. मागे आणखी काही पोरं, आणि लांब उभ्या त्यांच्या आया.

“याले शिकव,” ती पुंजाजीला म्हणाली. “जोड लाव याची.”

काय आनंद झाला मला! मी खुंटीवरची दोरी काढून त्याच्यापुढे धरली. तो दोन पावलं मागे सरकला.

“तुमीच मोजा, वयनी,” तो म्हणाला. “मी इथून सांगतो.”

मी मापं घेतली. तो लांबून गाठी सांगत होता, जोड्या लावत होता, आवाज अगदी नेहमीसारखा. हात मात्र त्याने पाठीमागे धरून ठेवले होते, पोरांना ते लागत नाहीत हे सगळ्या आयांना दिसावं म्हणून.