टोरीच्या तेलाचा साबण

"साबिराबाई, तुमचा हात लय टोचते हो!" असं म्हणत त्या पोरीनं आपला हात सोडवून घेतला आणि सरळ उठून पलीकडच्या चटईवर शिरीनपुढे जाऊन बसली. बांगडी साबिराच्या बोटांतच राहिली.

मूलच्या आठवडी बाजारात नईम मणियारचं बांगड्यांचं दुकान म्हणजे वर ताडपत्री आणि खाली दोन चटया. एका चटईवर नईमची बायको साबिरा, दुसरीवर त्याच्या धाकट्या भावाची, जाहिदची बायको शिरीन. शिरीन सिरोंच्याची. लग्न होऊन आली काय आणि बाजारातल्या निम्म्या बाया तिच्या झाल्या काय! का, तर म्हणे तिचे हात मऊ. अगदी लोण्यासारखे. हे ऐकून ऐकून साबिराला वीट आला होता. अरे, बांगड्या भरायला आलात की हात कुरवाळून घ्यायला?

आता खरं बोलायचं तर साबिराचे हात होतेच खडबडीत. हिवाळा लागला की तळव्यांना भेगा पडायच्या, बोटांची टोकं फाटायची. पण शिरीनची चलाखी कुणाला दिसत नव्हती, याचा तिला जास्त राग होता. शिरीन प्रत्येकीला एक माप मोठी बांगडी भरायची. दुखत नाही, फुटत नाही, बाई खूश! उद्या धानाच्या रोवणीला चिखलात हात घातला की तीच बांगडी निसटून शेतातच राहते, ते कोण बघतो? बांगडी मनगटावर बसली पाहिजे, लोंबायला नको, असं साबिराच्या सासूनं तिला शिकवलं होतं. पण हे बोलावं तर लोक म्हणणार, मोठी जाऊ जळते. आणि जळत तर ती होतीच.

त्याच दुपारी राजोलीची कमळा आली. देवाजीची बायको. तिच्या लग्नाचा चुडा साबिरानं भरला होता, तेव्हापासून कमळाच्या मनगटाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"दिव्यानीचं जमलं, साबिराबाई. माघात लगन हाये. चुडा भराले या."

"येतो ना! तुह्या पोरीचा चुडा मी नाई भरीन तं कोण भरीन?"

कमळा जराशी घुटमळली. "पोरगी मनते, शिरीनच्या हातानं भरतो. मनून तुमी दोघीबी या. मंग पाहू."

मंग पाहू! साबिराच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या वर्षांचं नातं आणि वरून 'मंग पाहू'! शिरीननं मात्र मान वर करून हसत म्हटलं, "येऊ ना, दोघीबी येऊ." तिच्या त्या हसण्याला कुठे नख लावायलाही जागा नव्हती, हे आणखी वाईट.

बाजार उठायच्या आधी साबिरा रुखमाच्या पालाकडे गेली. रुखमा जंगलाकडच्या एका गावच्या बचत गटातली. गटातल्या बाया घरीच साबण करायच्या आणि रुखमा पेपरात गुंडाळलेल्या वड्या विकायला आणायची. हळदीचा पिवळा, कडुलिंबाचा हिरवा, एक गुलाबी वासाचा, आणि एक मातकट, ज्याला वासही धड नव्हता. साबिरानं गुलाबी उचलून नाकाला लावला.

"नाकानं नोको घेऊ बाई, हातानं घे," रुखमा म्हणाली. तिनं लोट्यातलं पाणी ओतून साबिराचा एक हात गुलाबी साबणानं आणि दुसरा मातकट साबणानं धुवायला लावला. "आता वाळू दे. पुसू नोको. वाळल्यावर मूठ आवळ. कातडी ताणली तं तो साबण तुह्या कामाचा नाई."

गुलाबी साबणाच्या हाताची कातडी ताणली, भेगा चुरचुरल्या. दुसरा हात नरम राहिला.

"हा टोरीच्या, मंजे मोहाच्या बियांच्या तेलाचा हाये. यात तेल जादा सोडतो आमी, मनून कोरड्या कातडीले चालते."

साबिरानं इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "आमची शिरीन कोणता नेते?"

"ते? ते तं एकबी नाई नेत. तिले काय कराचं? तिची कातडीच तशी हाये."

साबिरानं मातकट साबणाच्या तीन वड्या घेतल्या. एक घ्यायला आली होती.

मग ती घरात कुणी नसताना हात धुवायची, पुन्हा धुवायची. फेस हातावर तसाच ठेवून बसायची. नईमनं एकदा विचारलं, "क्या, निकाह तय हुआ क्या तेरा?" तेव्हा ती त्याच्यावर खेकसली. पण पोटात आनंद होता, कारण भेगा भरत होत्या. माघ लागला तेव्हा तिनं आपलाच हात आपल्या गालावर फिरवून पाहिला आणि तिला लाज वाटली, इतका तो मऊ झाला होता.

चुड्याच्या दिवशी तर तिनं निघताना आणखी एकदा साबण लावला.

देवाजीच्या अंगणात मांडवाखाली बाया जमल्या होत्या. कमळानं लेकीचं मन वळवलं असावं, कारण दिव्यानी गुपचूप येऊन साबिरासमोर बसली. साबिरानं तिचा हात हातात घेतला.

"माय! किती नरम झाले साबिराबाईचे हात!" दिव्यानी म्हणाली.

साबिरानं शिरीनकडे पाहिलं. ऐकलंस का?

मग तिनं दिव्यानीच्या अंगठ्याचं हाड आत दाबलं, हिरवी बांगडी बोटांवरून आणली आणि जोर लावला. तिची पकड सुटली. बांगडीचे कट्कन दोन तुकडे झाले.

"वाढली बांगडी. काई होत नाई," कमळा घाईनं म्हणाली.

दुसरीही वाढली. दिव्यानीच्या हातावर रक्ताची बारीक रेघ उमटली. एक म्हातारी पुटपुटली, "शुभाच्या कामात हे काय चाललं?" कुणीतरी म्हणालं, "शिरीनले बसवा ना!"

गिऱ्हाइकाचा हात निसरडा हवा, भरणारीचा कोरडा. मणियाराच्या घरातल्या लहान पोरीलाही हे माहीत असतं. साबिराला माहीत नव्हतं? पण हेव्यानं डोळ्यांवर अशी पट्टी बांधली, की जे हात खडबडीत म्हणून इतकी वर्षं धरत होते, तेच तिनं स्वतः घालवले.

"भाभी, मैं भरूं?" शिरीननं कानाशी येऊन विचारलं.

"चूप बैठ."

साबिरा उठली. मागच्या चुलीपाशी गेली, मूठभर राख घेतली आणि तळहात एकमेकांवर घासत राहिली. नव्यानं धरलेली कातडी सोलवटली, जुन्या भेगा उघडल्या. काळे-राखाडी हात घेऊन ती परत आली आणि दिव्यानीसमोर बसली.

तिसरी बांगडी चढली. चौथी चढली. दिव्यानीच्या डोळ्यांत पाणी आलं, हात लालबुंद झाला, पण दोन्ही हातांचा चुडा भरून झाला आणि एकही फुटली नाही. म्हातारीनं चुडा हलवून पाहिला. "आता हा लेकीच्या हातातून जात नाई," ती म्हणाली.

दिव्यानी साबिराच्या पाया पडली. नवरीनं चुडा भरणारीच्या पाया पडायचं, मग ती कोणत्याही घरची असो. साबिरानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच शिरीनकडे बघितलं. जळू दे आता तिलाही. पण शिरीन दिव्यानीच्या लाल हाताला खोबरेल लावत होती, वर फुंकर घालत होती. तिला काहीच वाटलं नव्हतं! साबिराला वाटलं, ही भांडली असती तर बरं झालं असतं.

मग बाकीच्या बाया बसल्या. सगळ्या शिरीनच्या चटईवर. हसणं, खिदळणं. शेवटी राहिली कमळा. ती दोन्ही चटयांकडे पाहून साबिरासमोर येऊन बसली आणि तिनं हात पुढे केला.

"हळू हं, साबिराबाई."

साबिरानं अजून दाबलंही नव्हतं, तरी कमळानं डोळे मिटून घेतले होते. अंगठ्याचं हाड सुजलेलं होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. एवढ्या वर्षांत साबिरानं तिला कधी विचारलंच नव्हतं. तिनं तो हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग सोडला.

"इथी नोको बसू, कमळाबाई. तिच्याकडे जाय."

"काऊन? रागावल्या का?"

"रागावली नाई. हाड सुजलं तुहं. माह्या हातानं दुखीन."

कमळा नको नको म्हणत राहिली, पण उठली. साबिरानं पेटीतून मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या स्वतः काढल्या आणि पलीकडे सरकवल्या. "शिरीन, इनको ये भर. ढीलीच भर."

छातीत ती जुनी आग होतीच, तसूभर कमी झाली नव्हती. कमळा तिच्याकडे पाठ करून बसली. साबिरा पेटी आवरत होती, पण कान तिकडेच होते. एका तरी बांगडीला कमळा 'आई वं' म्हणेल म्हणून ती वाट पाहत राहिली. कमळा एकदाही म्हणाली नाही.